भावजींचा आरसेमहाल

आमच्या धाकट्या भावजींना साक्षात स्वर्गात नेलं असतं, तरी बसायच्या आधी त्यांनी तिथल्या भिंतींचा रंग बदलायला लावला असता. ‘ह्यो पांढरा चालायचा न्हाय पावणं, मळतोय,’ असं इंद्राला तोंडावर सांगणारा माणूस! दुकान काढण्याआधीची सगळी तालीम माझ्या स्वयंपाकघरावर झाली. मी चार दिवस माहेरी काय गेले, आल्यावर बघते तर भिंती गडद चॉकलेटी. ‘वहिनी, मुंबईत आता सगळं ह्याच रंगात चाललंय की!’ त्या अंधारात मला मोहरी कुठली नि मिरी कुठली कळेना. घरातली माणसं शिंकत शिंकत जेवायची, आणि हे आपले भिंतीकडं बघून खूश.

ही गोष्ट सन सत्तरच्या पुढची, टेरिकॉट नि सफारीचं वेड आलं होतं तेव्हाची. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, धोतर-लुगड्यांचं जुनं दुकान कोल्हापुरात महाद्वार रोडला. पांढरी गादी, लोड. गिऱ्हाईक ऐसपैस बसायचं, चहा यायचा, मग ठाणावर ठाण उलगडायचं. भावजींनी बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, पुरुषांच्या भारी कपड्यांचं शोरूम काढलं. त्यात काचेची कपाटं, लाल गालिचा, माणसाएवढे आरसे, सगळं होतं. बसायला मात्र काही नाही. ‘कापड अंगावर कसं पडतंय ते उभ्यानंच कळतंय,’ हे त्यांचं शास्त्र. मामंजी गादीवरूनच गरजले, ‘गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं? ह्ये दुकान न्हाय, यष्टी स्टँड हाय. मी पाय ठेवणार न्हाय!’ झालं. भावजींना तेव्हापासून एकच ध्यास, आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा तरी आत यावं. तोंडानं म्हणायचे, ‘न्हाय आलं तर न्हाय आलं!’ पण साधा खिळा ठोकला तरी पहिली नजर समोरच्या गादीकडं.

मुंबईहून त्यांनी एक पुतळा मागवला. गोरापान, घारा, गुळगुळीत. पहिल्याच दिवशी एका पैलवानानं विचारलं, ‘ह्ये बाईमाणूस सुटात कशापायी?’ भावजींनी त्याच संध्याकाळी पुतळ्याला रंगानं झुपकेदार मिशा काढल्या. तरी काहीतरी कमी वाटलं, म्हणून सुटावर कोल्हापुरी फेटा बांधला. पुतळा इतका रुबाबदार झाला की खेड्यातली म्हातारी माणसं जाता-येता त्याला रामराम घालू लागली.

आणि तो गालिचा! इतक्या मऊ, लाल गालिच्यावर चपलेनं जायची आमच्याकडं कुणाची छाती? जो तो पायातलं दारात काढी. चपलांचा हा ढीग! एकदा एक म्हातारी तो बघून पदर डोळ्याला लावत आत आली, ‘कवा गेलं वो?’ भावजी म्हणाले, ‘कोण न्हाय गेलं आजी, सेल लागलाय.’ पण खरा घोटाळा पुढंच झाला. अनवाणी उभ्या राहिलेल्या नवरदेवांच्या पँटींची मापं जमिनीपर्यंत बरोब्बर घेतली गेली, आणि लग्नात त्यांनी घातले उंच टाचेचे बूट. त्या लग्नसराईत शिरोळकडचा एकेक नवरदेव पंचगंगेतनं पँट वर धरून चालत आल्यासारखा बोहल्यावर उभा! एका मुलाचे मामा भांडायला आले. भावजींनी त्यांना शांतपणे सांगितलं, ‘मोजं दिसाय नगंत व्हय? मोज्यांचा काय मान हाय का न्हाय?’ मामा मोजे घेऊन परत गेले.

आरशांचं तर विचारूच नका. समोर एक, पाठीमागं एक. तालमीतली पोरं यायची, सदरे उतरवायची, दंड फुगवून स्वतःची पाठ बघायची आणि काही न घेता निघून जायची. भावजी रागवायचे कुठले, उलट त्यांना कुठं उभं राहिलं की उजेड बरा पडतो ते दाखवायचे.

ह्याच आरशांनी शेवटी मामंजींना आणलं. जयसिंगपूरचं एक जुनं गिऱ्हाईक त्यांच्या गादीवर चहा पिऊन ‘जरा आरसं बघून येतो’ म्हणून उठलं, ते परतच येईना. दिवेलागण झाली होती. मी देवळातून येताना भावजींच्या दुकानात थांबले होते. बघते तर मामंजी तरातरा रस्ता ओलांडून, चपला काढून आत! ‘माझं गिऱ्हाईक कुठं हाय?’ म्हणता म्हणता ते दोन आरशांच्या मधे आले आणि एकदम थांबले. गिऱ्हाईक पलीकडं पुतळ्याच्या फेट्याचा पदर चाचपत होतं, पण मामंजींचं तिकडं लक्षच नव्हतं. दाढीच्या वीतभर आरशापलीकडं त्यांनी स्वतःला कधी बघितलं नव्हतं. आणि पाठ? स्वतःची पाठ कोण बघतं? त्यांनी हात मागं नेऊन मान चाचपली.

‘पाठ एवढी वाकली व्हय रं माझी?’ हळूच म्हणाले. ‘कवापास्नं?’

ह्याच घटकेसाठी भावजींनी केवढं तरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. गालिचा कुठला, काच कुठली, सगळं. ते सगळं सोडून ते खांबामागं गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

‘लाईट गेली, आबा.’

बाहेर रस्ताभर सगळ्या दुकानांत ट्यूबा लखलखत होत्या. मामंजींनी त्या बघितल्या. मग अंधारात लेकाकडं बघितलं.

‘जायाचीच की,’ म्हणाले, आणि हात पुढं केला.

भावजींनी तो धरला आणि त्यांना दारापर्यंत आणलं. चांगले उंच, ताठ चालणारे आमचे भावजी; त्या दिवशी वडिलांच्या बाजूनं थोडे वाकूनच चालत होते.