दुखतंय का, हे विचारायचं नाही

मुंबईच्या दवाखान्यातून मुलीला घरी आणलं तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. तिचा घोटा मोडून दोन वर्षं झाली होती. हाड केव्हाच जुळलं, दुखणं मात्र गेलं नाही. सतरा वर्षांची पोर निम्मा दिवस पलंगावर. तिथे तीन आठवडे तिच्याकडून रोज व्यायाम करून घेतले, तिला चालवलं, जिने चढायला लावलं. दुखणं असलं तरी रोजचे व्यवहार सोडायचे नाहीत, हे शिकवलं. निघताना व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, दुखतंय का म्हणून सारखं विचारू नका, तिचं लक्ष दुखण्यातच अडकतं. सोमवारपासून कॉलेजला पाठवा. पुन्हा पडून राहिली तर केलेलं सगळं पाण्यात जाईल.

एवढं ऐकून गप्प बसणारी बाई मी नव्हे. आमच्या कुंभिवलीत दवाखान्यातून कुणी आलं की संध्याकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन बाया ओटीवर हजर, आणि पहिला प्रश्न तोच. म्हणून पोर घरात टेकायच्या आत मी आळीत घरोघर फिरले. तिला दुखण्याचं कुणी विचारायचं नाही, अशी ताकीदच दिली. शेजारच्या काकींनी विचारलं, मग बोलायचं तरी काय? काही बोलू नका, म्हटलं. माझी जीभ अशीच, डोक्याच्या आधी चालते.

झालं. कुणी फिरकेना. कंपनीतून सुटलेल्या बाया आमच्या दारावरून खाली मान घालून भराभर पुढे जायच्या. मुलगी ओटीवर एकटी. मीही विचारत नव्हते, पण ती कळशी उचलायला वाकली की माझा हात आपोआप पुढे जायचा. स्वयंपाक करताना कान तिच्या पावलांकडे असायचे. पावलं थांबली की चूल सोडून मी दाराशी. दोनदा डाळ करपवली.

शनिवारी ती दुपारभर पलंगावर पडून होती. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं, आधी एक दुपार, मग आठवडा, मग महिने. ऊठ म्हणावं की राहू द्यावं, मला कळेना. मी दारात नुसती उभी राहिले.

"आई, सगळी माझ्याशी बोलायची का थांबली?" तिने भिंतीकडे बघत विचारलं. "मी मरणार हाय का?"

आळीभर मीच बंदी घातली, हे सांगून टाकलं. वाटलं, रडेल. ती भडकली. उठली, ओढणी घेतली आणि लंगडत तडक काकींच्या ओटीवर जाऊन बसली. काकी मोड आलेले वाल सोलत होत्या. मी कुंपणाशी गेले. काकींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"दुखतंय का गं लय?"

"दुखतंय काकी. थोडे वाल द्या इकडं."

काकींनी टोपलं मधे सरकवलं आणि बोलणं त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणावर गेलं. कुंपणाशी उभी राहून मला माझीच लाज वाटत होती. आठवडाभरात माझ्याशी ती एवढं बोललीच नव्हती.

सोमवारी कॉलेजला निघाली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. शिळफाट्यापर्यंत टमटम मिळते, पुढे चालावं लागतं. मी तोंड घट्ट मिटून डबा पुढे केला.

"विचार ना एकदा," ती म्हणाली.

मी विचारलं.

"कालच्यापेक्षा जास्त हाय."

मला वाटलं, आता बॅग खाली ठेवणार. तिने डबा बॅगेत टाकला, येते गं म्हणाली आणि टमटमकडे चालू लागली. तिच्या मागोमाग जायला मी सकाळपासूनच चपला घालून बसले होते. टमटम वळणाआड गेली तरी त्या काढायला मला किती तरी वेळ लागला.