पोटाकडून बुडणारी दोरी

"मासा चावतो, पण हाताला कळत नाही," अशी ग्राहकाची तक्रार होती.

क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी सव्वीस वर्षं झाली. थर तडकला, रंग उडाला, लांबी कमी भरली, या तक्रारींची मला सवय आहे. आमच्या कम्प्लेंट फॉर्मवर त्यांचे रकानेच छापलेले आहेत. माशाचा रकाना नव्हता. मी 'इतर'वर टिक केली आणि फॉर्म घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले.

आमची फॅक्टरी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. काम म्हणाल तर दोरीवर प्लास्टिकचा थर चढवायचा. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, जिमच्या केबल, असला माल. मग आमचे शेठ जयेशभाई एका प्रदर्शनात गेले आणि स्कॉटलंडची ऑर्डर घेऊन आले. फ्लाय फिशिंगच्या लाइन बनवायच्या. पहिलीच एक्स्पोर्टची ऑर्डर. त्यासाठी नवीन मशीन आलं, पाच माणसं नवीन लागली. ऑर्डर गेली असती तर त्या पाच जणांना घरी बसावं लागलं असतं.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे तेव्हा फॅक्टरीत कुणालाच धड माहीत नव्हतं. आपल्याकडे गळाला शिसं बांधून भिरकावतात. तिथे गळाला पिसांचा किडा बांधतात, तीच फ्लाय. तिला वजन नसतंच. म्हणून वजन दोरीला द्यायचं. फेकायची ती दोरी, किडा तिच्यामागून जातो. मासे वरवर फिरत असतील तर तरंगणारी, म्हणजे फ्लोटिंग लाइन घ्यायची. खोल असतील तर सिंकिंग, म्हणजे बुडणारी. सिंकिंगच्या थरात आम्ही टंगस्टनची पूड मिसळतो. पूड जास्त तर बुडायचा वेग जास्त. टाइप थ्री सेकंदाला तीन इंच बुडते, टाइप सिक्स सहा इंच. दोरी फेकली की मासेमार मनात आकडे मोजतो. वीस झाले की टाइप थ्री पाच फुटांवर पोचलेली असते. तिथून हळूहळू ओढायला लागायचं. काही लागलं नाही तर पुढच्या वेळी तीस मोजायचे.

माझी टेस्ट सोपी होती. प्रत्येक बॅचमधून एक फुटाचा तुकडा कापायचा, पाण्याने भरलेल्या उंच काचेच्या नळीत सोडायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. सगळ्या बॅच पास. सगळ्या सर्टिफिकेटवर माझी सही.

"सावंत मॅडम, टेस्ट पास आहे ना?" शेठ म्हणाले. "मग बात खतम. त्यांच्या लोकांना मासे पकडता येत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"असं लिहू का फॉर्मवर?"

"लिहू नका. कॉल लावा."

कॉलवर फिओना होती. कंपनी तिचीच, आणि मासेही ती स्वतःच पकडते. तिचं इंग्रजी कळायला मला पाच मिनिटं लागली, माझं तिला बहुधा दहा.

"दोरी बुडते," ती म्हणाली. "पण कशी बुडते? तुम्ही पूर्ण लाइन कधी पाण्यात टाकून पाहिलीत का?"

शेठनी पटकन म्यूट केलं. "हो म्हणा."

मी म्यूट काढलं आणि नाही म्हणाले. शेठनी कपाळाला हात लावला. फिओना मात्र हसली. "मग आधी ते करा," म्हणाली.

फूटभर तुकड्याला नळी पुरते. तीस फुटांच्या पूर्ण लाइनला काय पुरणार? पाणीही स्वच्छ हवं, नाहीतर दिसणार काय? शेवटी शेठनीच त्यांच्या बोरिवलीच्या सोसायटीतला स्विमिंग पूल मिळवून दिला. दुपारी एक ते तीन, पूल बंद असतो तेव्हा. सेक्रेटरींनी दोनदा विचारलं की तेल तर नाही ना सुटणार. गेटवरचा वॉचमन आमचा रॉड बघून म्हणाला, "मॅडम, इसमें मछली नहीं है."

सोबत हरेश भोईर होता, आमचा मशीन ऑपरेटर. वर्सोव्याचा कोळी. घरची बोट आता भाऊ चालवतो, हा चौदा वर्षं आमच्याकडे आहे. टाइप थ्री लाइन त्याने एका हाताने पाण्यावर अशी सरळ पसरवली की मी बघत राहिले. मी मुलीचा पोहायचा गॉगल लावला, काठावर पालथी झोपले आणि डोकं पाण्यात घातलं.

पहिल्यांदा काहीच धड कळलं नाही. दोरी खाली गेली, पण किडा वरच लटकत राहिला. दोरी आणि किडा यांच्यामध्ये नायलॉनचा बारीक तुकडा असतो, त्याला लीडर म्हणतात. मी यूट्यूबवर बघून तो नऊ फुटांचा लावला होता. फिओनाला मेसेज केला. तिच्याकडे सकाळ होती, लगेच उत्तर आलं. नऊ फूट फ्लोटिंगला. सिंकिंगला तीन-चार फूट बस, नाहीतर दोरी तळाला आणि किडा पोटमाळ्यावर. पोटमाळा हा शब्द माझा, तिने 'अ‍ॅटिक' लिहिलं होतं.

लीडर कापला. परत डोकं पाण्यात.

या वेळी दिसलं. दोरीचा मधला जाड भाग सरसर खाली चालला होता आणि बारीक टोक मागे रेंगाळत होतं. पाण्याखाली दोरीचा चक्क झोका झाला होता. मासा टोकाला चावला तर आधी तो झोका ताठ होणार, मग हाताला कळणार. तोवर मासा किडा थुंकून मोकळा.

मी वर आले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. हरेशला झोका वरूनही दिसला होता.

"मॅडम, पोट आधी चाललंय," तो म्हणाला.

"टेस्ट तर पास आहे रे."

"तुकडा कुठून कापता तुम्ही?"

"मधून."

हरेशने दोरीचं बारीक टोक ओढून माझ्यासमोर धरलं. पुढचं सांगायची गरजच नव्हती. टोक बारीक, त्याच्यावर थर कमी, म्हणून पूडही कमी. टोक कधी मी नळीत टाकलंच नव्हतं. एवढ्या सर्टिफिकेटवर सही केली, ती दोरीच्या पोटाबद्दल खरी होती, बाकी दोरीबद्दल नाही. मला चांगलंच ओशाळल्यासारखं झालं.

"आम्ही पाग टाकतो ना, ते फेकायचं जाळं," हरेश म्हणाला, "त्याला शिसं काठाला असतं. मधे बांधलं तर जाळ्याचा गोळा होईल. हिलापण टोकाला जड करायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने मशीनला दोन भांडी लावली. एकात नेहमीची पेस्ट, दुसऱ्यात जास्त पूड घातलेली. टोकाचे दहा फूट जड पेस्टमधून काढायचे, मग व्हॉल्व्ह फिरवून साधी पेस्ट सोडायची. पहिली लाइन निघाली आणि जिथे पेस्ट बदलली तिथे वाटाण्याएवढी गाठ. रॉडच्या कड्यांतून ती जाईचना. दुसऱ्या वेळी गाठ नव्हती, पण तिथेच थर तडकला. मग हरेशने व्हॉल्व्ह एकदम न फिरवता अगदी सावकाश फिरवला, दोरी पुढे सरकेल तसतसा थोडा थोडा. लाइन गुळगुळीत आली. मी तिचे टोकापासून पोटापर्यंत पाच तुकडे कापले. पाचही एकाच वेगाने बुडाले. पूलमध्ये दुसरी लाइन टाकली, ती टोकापासून पोटापर्यंत सरळ खाली गेली. मी पाण्यातच ओरडले, त्यामुळे थोडं पाणी प्यायले.

राहिलं होतं ते पत्र. मी ईमेल लिहिला की आधीच्या सगळ्या बॅचची टेस्ट अपुरी होती आणि त्या लाइनच्या रील परत घ्यायला आम्ही तयार आहोत.

"एवढं कशाला लिहायचं?" शेठ म्हणाले. "नवीन माल पाठवा, विषय संपला. त्यांनी विचारलंय का जुन्याचं?"

"जुन्या रील लोकांनी विकत घेतल्यात, शेठ. ते अजून तळ्यावर उभे असतील. आणि सही माझी आहे."

शेठ केबिनमध्ये दोन फेऱ्या मारून आले. माझ्या स्क्रीनवर वाकून ईमेल परत वाचला.

"खाली माझं नाव टाका," म्हणाले. "शिव्या पडल्या तर मालकाला पडू देत."

शिव्या पडल्या नाहीत. फिओनाचं उत्तर तीन दिवसांनी आलं. तीन दिवस शेठ तासातासाला मेल आला का विचारत होते आणि मला डबा गेला नाही. जुन्या रील ती परत मागवणार होती. नवीन लाइन मिळाल्यावर ती दोन आठवडे तळ्यावर वापरून बघणार आणि मगच ठरवणार. मग एका सोमवारी तिचा मेल आला. मजकूर एवढाच: "कळलं." खाली फोटो. तिच्या हातात दोन वितींचा ट्राउट मासा होता, आणि मागे पाऊस.

ऑर्डर राहिली. पाचही माणसं राहिली. शेठनी तो फोटो मोठा करून केबिनमध्ये लावला. आता येणारे सप्लायर विचारतात, कोल्ड स्टोरेजचं काम सुरू केलं का? हरेशला सुपरवायझर केलं. तो म्हणतो, आमच्याकडे असल्या माशाला कुणी हात लावणार नाही, पापलेट पाठवा म्हणावं फोटोत.

मी टेस्टची पद्धत बदलली. आता पाच ठिकाणांहून तुकडे घेते आणि दर महिन्याला एक पूर्ण लाइन पूलमध्ये टाकते. कुठल्याही नवीन मालाची ऑर्डर आली की पहिल्यांदा ग्राहकाला विचारते, तुम्ही हे हातात घेऊन नेमकं काय करता? अगदी पहिल्यापासून सांगा. समोरच्याला वाटतं, या बाईंना काहीच माहीत नाही. त्यांचं बरोबर असतं.