शंभर मिली
काल इंदिरानगरच्या घरात वाळवीचं औषध मारलं आणि त्या उग्र वासासरशी मी निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत जाऊन उभी राहिले. मी तेव्हा पाचवीत होते. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, शाळा पाहिली नव्हती. औषध ते बाटलीच्या झाकणानं मोजायचे. त्या दिवशी औषध नवीन होतं, म्हणून दोनशे लिटर पाण्याच्या टिपाडाशी त्यांनी मला एक लिटरच्या बाटलीवरचं वाचायला लावलं. लिटरला अर्धा मिली. म्हणजे शंभर मिली, मी तोंडीच हिशेब केला, आणि शंभर सेंटीमीटरचा मीटर तसा शंभर मिलीचा लिटर धरून म्हणाले, “दादा, सगळी बाटली ओता.” “सगळी? नक्की ना गं? वास लय हाय.” “माझं गणित चुकत नाय.” त्यांनी ओतली. चौथ्या दिवशी पानं करपली, कोवळे घड काळे पडून गळाले. लिटर हजार मिलीचा असतो, हे मला नंतर शाळेत कळलं. लोकांना दादा सांगत राहिले, “माझंच माप चुकलं.” मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट पुढच्या फवारणीला बाटली माझ्यापुढे धरून त्यांनी पुन्हा मलाच विचारलं, “किती टाकू?” ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा वास आला की ते अजून तशीच बाटली धरून माझ्या उत्तरासाठी थांबलेले असतात.