झुमारिदी आणि पहिलं गिऱ्हाईक

तंडिका वस्तीतल्या ज्या गल्लीत वळताना डालाडाला, म्हणजे शहरात फिरणारी छोटी बस, दर वेळी भिंतीला घासते, तिथल्या कोपऱ्यावरच्या ओट्यावर सिकुधानीचं शिवणयंत्र होतं. वय शेहेचाळीस, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि जीभ तिच्या कात्रीहून धारदार. दिवसभर बायकांचे झगे आणि शाळेचे गणवेश शिवायची आणि मध्येच काज-बटणं बाजूला सारून फोनवर गोष्ट लिहायची. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गोष्टीचा एक भाग वाचकांच्या फोनवर जायचा, आणि तो नेमका नको तिथे संपायचा. वाचक शिव्या घालत पुढच्या गुरुवारची वाट बघायचे.

गोष्ट होती झुमारिदी नावाच्या जिनिणीची. हिरव्या बुरख्यातली, देखणी, पायांच्या जागी गाढवाचे खूर, आणि शहरात राहायची भारी हौस. सुरुवातीला सिकुधानीने तिला मनाने रचलेल्या शहरात ठेवलं होतं. सात वेशी, तांब्याचे दिवे, पाण्यावरचे रस्ते, सगळा थाट. तिथे लिहिणं फार सोयीचं होतं. कुणाचंही घर जाळा, कुणालाही बोकड करा, जाब विचारायला कुणी येत नाही. पण वाचकसंख्या काही चाळिसाच्या पुढे सरकेना.

याचं कारण तिला हातिबूबाबांनी सांगितलं. बंदरावर जन्मभर कारकुनी केलेला हा म्हातारा आता कॉफीवाल्याच्या बाकावर ठाण मांडून असायचा आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांना तिचे भाग मोठ्याने वाचून दाखवायचा.

"पोरी, तुझ्या त्या शहराला गाडी कुठून मिळते?" त्यांनी विचारलं.

"गाडी नाही जात, बाबा. मी रचलंय ते."

"मग तिथल्या जिनिणीला मी कशाला भिऊ? ती काय माझ्या घरी येणारे? तिला इथे आण. आपल्या गल्लीत."

सिकुधानीला ते पटलं. तिने झुमारिदीला सात वेशींतून बाहेर काढलं आणि थेट तंडिकात आणून सोडलं. डालाडालाने घासलेली भिंत आली, कॉफीवाल्याचा बाक आला, आणि शेजारच्या तौसीबाईचा खळग्यांचा तवाही आला. तौसीबाई रोज पहाटे त्या तव्यावर नारळाच्या दुधातले तांदळाचे वितुंबुआ, आपल्या आप्प्यांसारखे, करायची. गोष्टीत झुमारिदी रोज उजाडताना येऊन तव्यावरचा पहिला वितुंबुआ विकत घ्यायची, आणि कुणी तिच्याआधी हात पुढे केला तर त्याच्या पावलांचेही खूर व्हायचे.

चार गुरुवारांत चाळिसाचे सहाशे वाचक झाले. गल्लीतला जो तो आपलं दार गोष्टीत कधी येतं ते शोधू लागला. कॉफीवाल्याने तर आपला बाक रंगवून घेतला. सिकुधानीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण तिकडे तौसीबाईची बोहनीच होईना. पहाटे गिऱ्हाईकं यायची, तव्यापासून चार पावलांवर घोळका करून उभी राहायची आणि एकमेकांना भारी आदराने पुढे ढकलायची. तुम्ही घ्या आधी, छे छे, तुम्ही मोठे. मोठमोठे हमाल गडी, पण पहिला वितुंबुआ उचलायला एकाची छाती होईना. आठ वाजेपर्यंत पहिला घाणा गार व्हायचा, लोक कामावर निघून जायचे आणि दुपारी पातेल्यात पीठ आंबून फसफसायचं.

तौसीबाईला वाचता येत नव्हतं. कुणीतरी नजर लावून धंदा बांधला असंच तिने धरलं. उंबरा गुलाबपाण्याने धुतला, तव्याभोवती धूप फिरवला. रोज सकाळी ती सिकुधानीला दोन गरम वितुंबुआ पाठवायची, तेही आता दुपारी गार होऊन येऊ लागले. खरं काय ते हातिबूबाबांनी सिकुधानीला कानात सांगितलं, तेव्हा तिने हातातला वितुंबुआ खाली ठेवला. वीस वर्षांपासूनची शेजारीण. नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस हिच्या घरची चूल तिने पेटवली होती.

सांगायची हिंमत मात्र झाली नाही. सिकुधानीने लेखकाची पळवाट काढली. पुढच्या गुरुवारी तिने झुमारिदीला गल्लीतून उचललं आणि 'तीन पक्ष्यांची आळी' नावाच्या, कुठेच नसलेल्या आळीत नेऊन ठेवलं. आता तौसी सुटली असं तिला वाटलं.

झालं भलतंच. बाकावर चर्चा झाली आणि एकमताने ठरलं, की बाई घाबरली. म्हणजे जिनीण खरीच आहे. दुसऱ्या दिवशी घोळका चार पावलांवरून दहा पावलांवर सरकला.

मग मात्र सिकुधानी उठली आणि तौसीबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. तौसीबाई आंबलेलं पीठ गटारात ओतत होती. पातेलं पार रिकामं करून ती सिकुधानीकडे वळली.

"मी महिनाभर आख्ख्या गल्लीवर संशय घेतला," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही घेतला."

"चुकलं माझं, तौसी. मी तिला लांब पाठवलीय."

"कुठे? जिथे कुणी राहतच नाही तिथे? त्याने माझा घाणा खपला का?" तौसीबाईने पातेलं आपटलं. "खरी जागाच हवी होती ना तुला? मग माझ्या तव्यावर कशाला बसवलीस तिला? तुझ्या मशीनवर बसवायची होतीस."

सिकुधानी घरी आली आणि गुरुवारची वाट न बघता लिहायला बसली. डिसेंबर अर्धा सरला होता. जानेवारीत शाळा उघडणार, म्हणजे हेच तीन आठवडे गणवेशांचे, आणि गणवेशांवरच तिचं निम्मं वर्ष निघायचं. तरी तिने लिहिलं. झुमारिदीला वितुंबुआंचा वीट आला. ती कोपऱ्यावरच्या ओट्यावर, सिकुधानी नावाच्या बाईच्या मशीनवर येऊन बसली. सकाळी जो पहिलं कापड देईल त्याच्या पावलांचं माप आता ती स्वतः घेणार, खुरांसाठी. आणि लगेच पाठवून दिलं.

सकाळी तौसीबाईचा तवा सातच्या आत रिकामा झाला. आणि तेवढ्याच ओळखीचा एक घोळका, या खेपेला बायकांचा, गणवेशांची निळी कापडं काखोटीला मारून सिकुधानीच्या ओट्यासमोर दहा पावलांवर उभा राहिला. तुम्ही व्हा पुढे. छे, तुम्हीच व्हा. सिकुधानीने मशीन पुसलं, तेल घातलं, पुन्हा पुसलं. नऊ वाजले. तिला एकीकडे हसू येत होतं. आपल्या शेजारणीने महिनाभर रोज हेच सोसलं, हे आता तिला नुसतं कळत नव्हतं, दुखत होतं.

तेवढ्यात घोळका बाजूला सारत तौसीबाई आली. हाताला पीठ, चेहरा अजून फुगलेला. तिने नातीच्या स्कर्टचं कापड धाडकन मशीनवर टाकलं.

"घे. बोहनी कर."

सिकुधानीचे डोळे भरून आले. तिने टेप उचलली.

"रडतेस काय? कापडावर डाग पडेल," तौसीबाई म्हणाली. "आणि हे बघ, ही जिनीण मला परत हवी. महिन्याभरात माझा तवा आख्ख्या शहरात गाजला होता, गिऱ्हाईक तेवढं येत नव्हतं. ती इथेच राहू दे, आपल्याच गल्लीत. फक्त पहिली नको येऊ देऊस."

"मग?"

"शेवटची येऊ दे. तव्यावर जो शेवटचा वितुंबुआ उरेल तो तिचा, आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याचे खूर. मशीनवरचं शेवटचं कापडही तिचंच."

सिकुधानी तिच्याकडे बघतच राहिली. सहाशे वाचक झाले, पण हे तिला स्वतःला सुचलं नव्हतं. नातीच्या स्कर्टचं कापड तसंच ठेवून तिने तिथेच, सगळ्यांसमोर, फोनवर चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. घोळक्यातल्या बायकांचे फोन एकामागून एक वाजले. त्यांनी वाचलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्या जणी एकदम ओट्यावर चढल्या.