गेरूची वाटी आणि तीन शिफ्टच्या गोळ्या

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. वडील तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवायचे. शाळेत मास्तरांनी एक गोष्ट डोक्यात घातली होती : छापलेलं काहीही समोर आलं तर ते शेवटपर्यंत वाचायचं. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर झालो, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागलो, आणि ही सवय तशीच राहिली. त्यामुळे गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद, जो माझ्या माहितीत कोणीही उघडत नाही, तो मी उघडला आणि दोन्ही बाजूंनी वाचला. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच आहे.

गोळ्या गुप्तांगावरच्या हर्पीससाठी होत्या. आधी आग, मग बारीक फोड, मग लघवीला बसताना डोळ्यांत पाणी. चार दिवस मी कंपनीच्या युनिफॉर्मच्या पॅंटला दोष दिला. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्या बाई होत्या हे पाहून मी सर्दीचं सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांनी "सर्दीला उभे का राहिलात, बसा की," म्हटल्यावर बसता आलं नाही आणि सगळं सांगावं लागलं.

त्यांनी तपासलं आणि विषाणूवरची गोळी लिहून दिली. दिवसातून तीन वेळा, साधारण आठ तासांच्या अंतरानं, दहा दिवस.

"म्हणजे शिफ्टप्रमाणे," मी म्हणालो.

"कसं?"

"सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. आमच्याकडे तीन शिफ्ट आहेत."

"मग तुम्हाला विसरायला कारणच नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, हे विचारलं. नव्हतं काही. ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून भरपूर पाणी प्या, असं सांगितलं. लघवी कमी झाली, डोकं भ्रमिष्टासारखं झालं, अंगावर पुरळ उठलं तर लगेच यायचं. फोड गेले तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. विषाणू अंगातून जाणार नाही, नसांमध्ये झोपून राहील, कधीतरी परत उठेल. परत तशी आग सुरू झाली की त्याच दिवशी सुरू करायला म्हणून त्यांनी वेगळी चिठ्ठी दिली. फोड असेपर्यंत बायकोपासून लांब राहायचं, एरवी निरोध वापरायचा, कारण फोड नसतानाही हा लागू शकतो. आणि बायकोला सांगायचं.

"कोणाकडून, कधी आला, हे मला सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं गप्प बसलेला असू शकतो. पण तिला सांगा आणि तिलाही घेऊन या."

बायकोला सांगितलं. लग्नाआधीचं एक प्रकरण होतं, तेही सांगितलं, कारण अर्धं सांगायला मला जमत नाही. ती चाकणच्या एका शाळेत शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन स्वतःची तपासणी करून आली, आणि मग दोन दिवस माझ्याशी एकच वाक्य बोलली : "तीनची घेतली का?"

एकदा सातची राहिली होती. कारखान्यात एखाद्या शिफ्टचं उत्पादन कमी पडलं की पुढच्या शिफ्टनं ते भरून काढायचं असतं. त्या हिशेबानं मी तीन वाजता दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. ती नुकतीच शाळेतून आली होती. तिनं कपाटावर चिकटवलेला डॉक्टरांचा कागद दाखवला. चुकलेली गोळी आठवेल तेव्हा घ्या, पुढची वेळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत.

"हे बॅकलॉग नाही, अहो," ती म्हणाली. मी एक परत पाकिटात ठेवली. हे दुसरं वाक्य तिनं बोललेलं मला बरं वाटलं.

आता घरमालकांचं. आम्ही महाळुंग्यात एका जुन्या गावकरी कुटुंबाच्या बारा खोल्यांपैकी एकीत राहतो. मालकांना सगळे काका म्हणतात. माझं पहिलं कंत्राट संपलं तेव्हा तीन महिने मला नोकरी नव्हती आणि ते भाडं मागायला एकदाही दारात आले नाहीत. नंतर मी त्याबद्दल आभार मानायला गेलो तर म्हणाले, "कशाचं? मी गावालाच गेलो हुतो." ते गावातच होते. मी रोज बघत होतो.

काकांना लोक भाड्यासाठी कमी आणि नागिणीसाठी जास्त ओळखतात. अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात ती नागीण. ते ती उतरवतात. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात. काका वाटीत गेरू कालवतात, फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढतात, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळत नाही, आणि पुटपुटतात. पैसे घेत नाहीत. तीन वर्षं दर रविवारी मी त्या ओट्याच्या बाजूनं कपडे वाळत घालायला गेलो आहे.

तरीही, औषध सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला पाय फाकवून चालताना पाहिलं आणि विचारलं, "काय रं इंजिनेर, असा का चालतोयस?" तेव्हा मी म्हणालो, "नागीण झालीय, काका."

ही थाप मी कागद वाचून निवडली होती. त्यात ही गोळी नागिणीलाही देतात असं छापलेलं होतं. छापील आधार असलेली थाप मला अगदीच खोटी वाटली नाही.

पाच मिनिटांत काका वाटी घेऊन दारात. "दाव."

"कमरेखाली आहे, काका."

"कमरेखाली म्हंजे किती खाली?"

"बरीच."

"लाजतोस व्हय? म्या सरपंचाची उतरवलीय."

"डॉक्टरांनी काही लावू नका म्हणून सांगितलंय."

"गेरू म्हंजे काय आसिड हाय का? माती हाय ती." त्यांनी थोडा विचार केला. "बरं. शर्टावरनं उतरवतो."

माझ्या युनिफॉर्मच्या शर्टावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, दोन लाल रेघा ओढल्या गेल्या. बायको आत स्वयंपाकघरात होती. तिच्या खांद्यांची हालचाल मागून दिसत होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मी हललो नाही. कंपनीत सुपरवायझरनं विचारलं तर रंगाच्या विभागात गेलो होतो म्हणालो.

दहा दिवसांनी मी बरा झालो. काकांनी निम्मं श्रेय गेरूला दिलं. वेगळ्या चिठ्ठीवर आणून ठेवलेलं राखीव पाकीट बायकोनं स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, काका आमच्या दारात शर्ट वर करून उभे राहिले. उजव्या बरगडीखालून पाठीकडे फोडांचा पट्टा गेला होता. आदल्या दिवशीच उठला होता. ही खरी नागीण होती.

"मला माझी उतरवता येत न्हाई," ते म्हणाले. "आपलीच आपल्याला चालत न्हाई. पुतण्या शिकलाच न्हाई. तुझ्या त्या गोळ्या हाईत का? तुझी गेली त्याच्यानं. दे."

बायको तेव्हा फळी पुसत होती. डबा तिच्या हातात होता.

काकांना साखरेचा आजार होता आणि मूत्रपिंडं थकलेली होती. त्यांच्या ओट्यावर एक प्लॅस्टिकची बाटली असायची, तिच्यावर पेनानं खुणा. दिवसभराचं पाणी तेवढंच, असं त्यांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. मला मात्र हीच गोळी चालू असताना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती बाटली आणि आमचा डबा मला एकाच वेळी दिसत होते.

"काका, ही तुम्हाला देता येणार नाही."

"का? मोजून ठिवल्यात का?"

"तुमच्या मूत्रपिंडांना झेपेल का, किती द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. माझ्या मापानं तुम्हाला चालणार नाही."

"नागीण तीच, गोळी तीच. तुला चालली, मला काय धाड भरली?"

मी नकारार्थी मान हलवली.

"राहू दे," काका शर्ट खाली करत म्हणाले. "तुझं कंत्राट सुटलं तवा म्या काय मोजत बसलो न्हाई." ते त्यांनी तोपर्यंत कधीही बोलून दाखवलं नव्हतं. "कोपऱ्यावरचा मेडिकलवाला माझ्या भावकीतला हाय. तो चिठ्ठी बी मागत न्हाई. नाव सांग गोळीचं."

गोळ्या संपल्या असं म्हणता आलं असतं. डबा बायकोच्या हातात होता, पण ती सांभाळून घेईल हे मला माहीत होतं. त्यानं काही होणार नव्हतं. नागिणीवर गोळी म्हटली की भावकीतला दुकानदार याच गोळ्या, धडधाकट माणसाच्या मापानं, काढून देणार होता. मला चालल्या म्हणून काका त्या निर्धास्त घेणार होते. हा भरवसा मीच त्यांना दिला होता, आणि तो खोटा होता.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगा."

"काका, मला नागीण झालीच नव्हती."

"म्हंजे?"

"दुसरं होतं. खालचं. हर्पीस म्हणतात. संबंधातून होतो. त्यालाही हीच गोळी असते, पण रोग वेगळा, माप वेगळं. मला लाज वाटली म्हणून मी नागीण सांगितलं. माझ्यावरून तुम्ही काही ठरवू नका."

काका उंबऱ्यावर बसले. फोडांना धक्का लागला असावा, कारण तोंड वाकडं झालं.

"मंग त्या दिवशी शर्टावरनं म्या काय उतरवलं?"

"काही नाही, काका."

"तरीच," ते म्हणाले. "हाताला काय लागलंच न्हाई."

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "हिला म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

"आनि तवा आत हसत हुतीस."

"हो, काका."

ते उठले. "चल मग. तुझ्या त्या डाक्टरकडं चल. गाडी हळू चालव, पाठ ठणकतीय."

डॉक्टरांनी काकांच्या कापडी पिशवीतले सगळे जुने रिपोर्ट पाहिले, त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं आणि त्यांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन लावला. नागिणीला खरं तर माझ्यापेक्षा बरंच मोठं माप लागतं. काकांसाठी दोघांनी मिळून ते कमी केलं, अंतर वाढवलं, पाणी किती वाढवायचं तेही कागदावर लिहिलं. लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर वाट न पाहता आणा, असं मला सांगितलं.

"याच्या बोलन्यात गोंधळ झाला तर कुनाला सांगायचं?" काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "याचा तर पयल्यापासनंच हाय."

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पाकिटातली घेतली नाहीत ना?"

"यानं दिलीच न्हाई," काकांनी तक्रार केली.

बाहेर बाकावर गावातले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "काय काका, इंजिनिअरला काय झालं?"

"मला झालंय. त्यो गाडी चालवतोय."

काकांची नागीण बरी झाली, ठणका मात्र काही आठवडे राहिला. रविवारचा ओटा बंद झाला नाही. आता आलेल्या माणसाला ते आधी विचारतात, "डाक्टरला दावलं का?" नसेल दाखवलं तर गेरू कालवत नाहीत. एकदा शेजारच्या खोलीतला भाडेकरू माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "काका, यांची पण नागीण तुम्हीच उतरवली होती ना? कुठं झाली होती?"

काका वाटी घासत होते. "ज्याची उतरवली त्याचं सांगत न्हाई आमी. आमच्या बापापासनं हाय ते."

"अहो, पण तुम्ही तर सरपंचांचं सगळ्यांना..."

"न्हाई म्हणलं ना."

गेल्या महिन्यात माझी आग परत सुरू झाली. मी त्याच दिवशी डबा उघडला. त्या आठवड्यात माझी सकाळची शिफ्ट होती. मशीनजवळ पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत आणि लघवीला जायचं तर बदली माणूस लागतो, म्हणून तीनची गोळी घरी येऊन घ्यायची आणि राहिलेलं पाणीही घरीच प्यायचं असं मी ठरवलं होतं. कंपनीच्या बसमधून उतरून चालत येताना काकांनी माझी चाल पाहिली. काही विचारलं नाही.

गोळी घेऊन मी तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "इंजिनेर, पानी पिलास का?"

"पितोय, काका."

"पुरा तांब्या पी. सोडू नको."

मी दारात येऊन पुरा प्यायलो. काकांच्या बाटलीत त्या दिवसासाठी दोन खुणांएवढंच पाणी उरलं होतं. मी पीत होतो तेवढा वेळ त्यांनी तोंड रस्त्याकडे केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आत जाऊन पितो आणि बाहेर येऊन त्यांना रिकामा तांब्या दाखवतो.