कुलूपबंद फोनवरचं भक्तिसंगीत

"हे आपण मागितलं होतं का?"

समोर काहीही आलं की आमच्या बाईंचा पहिला प्रश्न हाच असे. कॅन्टीनवाल्याने पोह्यांवर न सांगता जास्तीची शेव घातली, तरी हाच. दिवाळीत कुठली तरी माणसं भिंतीवरची घड्याळं फुकट वाटायला आली, तरी हाच. एकदा एका विश्वस्तांच्या मेहुण्यांनी त्यांना आपण होऊन सल्ला दिला, की रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू घेत जा. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे तोच प्रश्न विचारला. मेहुणे पुन्हा काही आमच्या खोलीत आले नाहीत.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळे त्याला टरकून असतात आणि त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. मीही बाईंची नक्कल बरी करायचो. पण आज जे सांगणार आहे ते मोठ्या अभिमानाने सांगणार आहे, आणि त्यात माझी थोडी फजिती आहे तीही सांगणार आहे.

आमची शिक्षणसंस्था. मुख्य कचेरी नारायण पेठेत, कॉलेज वाघोलीला आणि मुलींचं वसतिगृह कात्रजला. बाई या संस्थेच्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. बावीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसल्या. मग आपोआप फोन जोडणारं मशीन आलं, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. आलेलं पत्र रजिस्टरात लिहायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं, एवढंच काम. बाई मात्र प्रत्येक कागद वाचायच्या, अगदी पाठीमागच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो बाई, सही ठोका आणि द्या इकडे. तुम्हाला काय करायचंय वाचून?"

"आमचे आजोबा असंच करायचे," बाई म्हणाल्या. "समोर येईल त्या कागदावर अंगठा. एका अंगठ्यात गावाकडचा जमिनीचा तुकडा गेला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पन्नाशीत ते अक्षरं गिरवायला बसले, माझ्याच पाटीवर. तेव्हापासून आमच्या घरात न वाचता कोणी सही करत नाही. तुमच्याकडे करत असतील."

माझ्याकडे तेच चालायचं. टेलिफोनची बिलं माझ्याकडे यायची. संस्थेच्या लाइनी तेवीस, आणि प्रत्येक बिलाची चार-पाच पानं. मी पहिल्या पानावरची एकूण रक्कम बघायचो, गेल्या महिन्याइतकीच दिसली की 'तपासले' असा शिक्का मारायचो आणि पुढे ढकलायचो. माझ्या आधीचे कारकून तसंच करायचे, त्यांच्या आधीचेही तसंच करत असणार.

त्या वर्षी नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, पण काटकसर दाखवायची घाई होती. कात्रजच्या वसतिगृहाचं बिल चाळताना त्यांना तिसऱ्या पानावर एक ओळ सापडली: 'मूल्यवर्धित सेवा, भक्तिसंगीत.' दर महिन्याला आकारणी. रक्कम म्हणाल तर दोघांच्या चहा-पोह्यांची. साहेबांनी वसतिगृहात फोन करून विचारलं, "तुमच्याकडे भजनं कोण ऐकतं?"

आता वसतिगृहात एक मावशी होत्या. अठरा वर्षं तिथे झाडलोट, पोळ्या आणि आजारी मुलींच्या उशाशी बसणं, हे सगळं त्याच करायच्या. नवऱ्यामागे एकट्या, राहायला तिथल्याच जिन्याखालची खोली. आणि काम करताना मावशी सतत भजनं गुणगुणायच्या. तेव्हा रेक्टरबाई सहज म्हणून गेल्या, "भजनं? ती आमच्या मावशींचीच."

झालं. साहेबांना चोर सापडला. मावशींना नोटीस निघाली: संस्थेचा दूरध्वनी खासगी करमणुकीसाठी वापरल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. ती टाइप मी केली. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या मुलींदेखत त्यांना ती वाचून दाखवली गेली. काम गेलं असतं तर जिन्याखालची खोलीही गेली असती, आणि त्या वयात दुसरं दार कुठलं शोधायचं?

दुसऱ्या दिवशी मावशी दोन बस बदलून नारायण पेठेत आल्या. हातात नोटिशीची घडी. कोणाकडे जायचं हे माहीत नव्हतं, म्हणून दारातल्या पहिल्या टेबलापाशी थांबल्या. ते टेबल आवक-जावकचं.

"बाई, म्या त्या फोनला हात बी लावलेला न्हाई," मावशी म्हणाल्या. "फोन पेटीत हाय. पेटीला कुलूप हाय. किल्ली रेक्टरबाईंच्या कमरेला. म्या कशी लावनार भजनं?"

ती पेटी मला माहीत होती. मुलींनी बाहेर फोन लावू नयेत म्हणून जुन्या काळी फोनला लाकडी पेटी करून घेतली होती. रिसीव्हर तेवढा बाहेर, आकडे आत कुलपात. पुढे प्रत्येक मुलीच्या हातात मोबाइल आला, तरी पेटीचं कुलूप काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

बाईंनी मावशींना पाणी दिलं, नोटीस दोनदा वाचली आणि उठून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणाले, "किल्ली काय, मिळवता येते." बाई म्हणाल्या, "मिळवली हे कोणी पाहिलं?" साहेब म्हणाले, "मग भजनं आपोआप लागली का?"

"तेच तर बघायचंय," असं म्हणून बाई बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "गेल्या वर्षभराची बिलं द्या. सगळ्या लाइनींची."

चार दिवस बाई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बिलं वाचत होत्या. एका ओळीखाली फूटपट्टी धरायची, वाचायची, खाली सरकवायची. आम्ही जाता-येता टोमणे मारत होतो. "बाई, शेवट गोड आहे का?" बाई मान वर करत नव्हत्या. मधेच त्यांनी टेलिफोन कंपनीला फोन लावला. तो संवाद मी शेजारून ऐकला. पलीकडचा मुलगा सांगत होता, की ही सेवा आमची नाही, बाहेरच्या कंपनीची आहे, आम्ही फक्त बिलात घेतो. जाहिरातीच्या फोनवर तुमच्याकडून एक नंबरचं बटण दाबलं गेलं असेल.

"म्हणजे दुकान दुसऱ्याचं आणि गल्ला तुमचा," बाई म्हणाल्या. "बरं, ते बटण दाबल्याची नोंद लेखी पाठवा. आणि बोलताना आपलं नावही सांगा, मी लिहून घेतेय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी कचेरी रिकामी होत आली होती. बाई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात एकाच लाइनीची अकरा बिलं. प्रत्येकाच्या तिसऱ्या पानावर लाल पेन्सिलीची खूण.

"हीच भजनं या लाइनीवरही चालू आहेत," त्या म्हणाल्या. "ही लाइन कुठली, ओळखा."

मी नंबर पाहिला. माझ्या खुर्चीच्या मागे, खिडकीत जे फॅक्स मशीन होतं, त्याची ती लाइन. त्या लाइनीला दुसरा फोन नव्हता. फॅक्स आला की मशीन खरखरायचं आणि कागद ओकायचं.

"वर्षभर तुमच्या पाठीमागे भक्तिसंगीत चाललंय," बाई म्हणाल्या. "मशीन कानाला काय लावतं ते मला माहीत नाही. पण मावशींना नोटीस असेल, तर यालाही द्यायला हवी."

मला आधी हसू आलं. मग अकराही बिलांच्या पहिल्या पानावर नजर गेली. प्रत्येकावर 'तपासले' आणि खाली माझी सही. मावशींची अठरा वर्षांची नोकरी माझ्या न वाचण्याने जायला निघाली होती, आणि त्यांची नोटीसही मीच टाइप केली होती. मला खरोखर लाज वाटली.

बाई हे सगळं थेट साहेबांसमोर ठेवू शकल्या असत्या. मी त्यांची नक्कल करतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबांना सांगायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो. तेवढं शहाणपण मला सुचलं याबद्दल आजही बरं वाटतं. बाई माझ्याबरोबर आत आल्या, पण बोलल्या काही नाहीत. मी अडखळलो तेव्हा फक्त पुढचं बिल हातात दिलं.

साहेब बराच वेळ ती पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. नोटीस फाडून टाका."

"फाडून कसं चालेल, साहेब?" बाई म्हणाल्या. "दिली तेव्हा हॉलमध्ये, सगळ्यांदेखत वाचली. परतही तिथेच घ्या. आपण याल ना?"

त्यांचा तो 'आपण' ऐकल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. आठवडाभरात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं: बटण दाबल्याची नोंद कुठल्याच लाइनीवर नाही, आकारणी रद्द करत आहोत. संस्थेच्या आणखी चार लाइनींवर ती निघाली होती. त्याच रविवारी आम्ही तिघे कात्रजला गेलो.

जेवणाच्या हॉलमध्ये मुली बसल्या होत्या. मावशी दाराशी, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. नोटीस मिळाल्यापासून त्या गुणगुणल्या नव्हत्या, असं एका मुलीने मला सांगितलं. साहेब उभे राहिले. त्यांनी कंपनीचं पत्र वाचलं, मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "मावशी, चूक आमची होती. मला माफ करा." आवाज जरा बसला होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू आले. मी उठून माझ्या शिक्क्याचं सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्या अर्थातच आमच्यासाठी नव्हत्या.

मावशी रडत पुढे आल्या आणि बाईंच्या पाया पडायला वाकल्या. बाई चटकन मागे सरल्या. दोन्ही हात धरून त्यांनी मावशींना उभं केलं. "पाया नाही पडायचं. इथे बसा." आणि साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून दिली. मावशी बसेनात. अठरा वर्षं त्या हॉलमध्ये त्यांनी पोळ्या वाढल्या होत्या, खुर्चीवर कधी टेकल्या नव्हत्या. बाई उभ्याच राहिल्या, मावशी बसेपर्यंत.

पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, तेव्हा नारायण पेठेत आमच्या कचेरीत शोकसभा झाली. आमच्याकडची पद्धत अशी, की विश्वस्त आणि व्यवस्थापक पुढच्या रांगेत, प्राध्यापक मागे, आम्ही कारकून त्यांच्याही मागे, आणि शिपाई, मावश्या भिंतीला धरून उभ्या. कोणी तसा नियम केलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजच्या प्राचार्या बोलत असताना कात्रजच्या मावशी आल्या. पार थकलेल्या, हातात काठी. भिंतीपाशी एकीने त्यांना जागा करून दिली. मावशींनी तिकडे पाहिलं, मान हलवली आणि सरळ चालत पुढच्या रांगेपर्यंत गेल्या. तिथे खुर्ची रिकामी नव्हती. साहेब उठले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.