बिनढोलाचा टँगो
गणपती कांबळे यांनी शिवाजी पेठेतल्या एका ब्रास बँडमध्ये बेचाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवली. शेवटची पंधरा वर्षं मास्तर म्हणून. एवढ्या काळात त्यांच्यासमोर हजारो माणसं नाचली. ते स्वतः एकदाही नाचले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "दोन्ही हात वाद्यात गुंतल्याले. नाचणार कवा?"

गेल्या वर्षी यशराज त्यांच्या घरी आला. तो मंगळवार पेठेत डान्स क्लास चालवतो. क्लासच्या कार्यक्रमात त्याला तीन जोड्यांचा टँगो बसवायचा होता. त्यासाठी त्यानं अर्जेंटिनातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड निवडली होती. ऐंशी वर्षांपूर्वीची, तीन मिनिटांची, नुसती वाद्यं. पण पाऊल कुठं टाकायचं ते कुणालाच कळेना.

"मास्तर, ह्यात ढोलच न्हाय," यशराज म्हणाला. "मी खालनं ठेका जोडून बघितला. शाळेतली पीटी झाली."

मास्तरांनी डोळे मिटून एकदा ऐकलं. म्हणाले, "मला मोबाईलवर पाठव. चार दिवस लागतील."

"तीन मिनटाचं तर हाय की!"

"म्हणूनच."

ते चार दिवस घरात दुसरं काही वाजलं नाही. पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नी बयाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कोण न्हाय. व्हायोलिन हाय ते."

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. व्हायोलिन रडतं, त्याच्याकडं पायांनी लक्ष देऊ नये. ठेका धरतात पियानो, मोठं खर्जातलं व्हायोलिन आणि ती मांडीवर ठेवून ताणायची पेटी. शेवटी दोन सूर: एक जोरात, एक हळू. दार लावलं, मग कडी घातली, असे.

मधल्या एका जागी मात्र ते अडले. तिथं सगळी वाद्यं अचानक गप्प होत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता बयाबाईच बोलल्या.

"भांडल्यात ही दोघं."

"कोण दोघं?"

"नवरा-बायकू. पर घर सोडून कोण जात न्हाय. आता गप बसल्यात, पयलं कोण बोलतंय ते बघत."

"मग कोण बोलतंय?"

"आपल्यात कोण बोलतंय?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "तूच."

"मग तसंच की."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी ते क्लासला गेले. बयाबाईही गेल्या, बघायला म्हणून. तीन जोड्या उभ्या होत्या. मास्तरांनी वही उघडली. "ह्ये नाचायचं न्हाय. चालायचं. वरातीम्होरं बँड कसा चालतोय? घाई न्हाय, पर थकल्यागत बी न्हाय. आन् गप झालं की थांबायचं. मोजायचं न्हाय. बायकू बोलंल तवा निघायचं."

"म्हणजे नेमकं कसं?" यशराजनं विचारलं.

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. मग बयाबाईंसमोर जाऊन हात पुढं केला. बयाबाईंनी पिशवी खाली ठेवली. यशराजनं रेकॉर्ड लावली.

दोघं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडं चालत निघाले. अर्ध्यात वाद्यं गप्प झाली. दोघं थांबले.

"आता?" बयाबाईंनी मोठ्यांदा विचारलं, आणि नेमकी तेव्हाच पेटी सुरू झाली.

भिंतीपर्यंत पोचले तेव्हा मास्तरांचा शर्ट घामानं भिजला होता. मे महिन्यातल्या वरातीतही एवढा घाम येत नव्हता, असं ते नंतर म्हणाले. बयाबाईंचा हात सोडायचं त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. बयाबाईंनीही आठवण करून दिली नाही.

कार्यक्रम ठीक झाला. त्या गप्प जागी लाईटवाल्याला वाटलं, गाणं बंद पडलं. त्यानं हॉलमधले सगळे दिवे लावले. तीनही जोड्या जागच्या हलल्या नाहीत. पहिल्या रांगेतला एकजण "कनेक्शन बघा!" असं ओरडला. मग पेटी वाजली, जोड्या चालू लागल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांनी कनेक्शन आलं म्हणून वाजवल्या असाव्यात.

आता मास्तर आणि बयाबाई दर रविवारी क्लासला जातात. यशराजनं त्यांना वळायला शिकवलं आहे. बयाबाईंचा डावा गुडघा दुखतो, म्हणून ते फक्त उजवीकडं वळतात.